६७पी: १९५९ अखेर जुळलं!

पहाटे पावणेचारला स्क्रीनवर २.७ उमटलं आणि मी खुर्चीतून उठून खोलीभर फेऱ्या मारल्या. तीन आठवडे झगडत होतो तो हाच आकडा: ६७पी (चुर्युमोव-गेरासिमेंको) या धूमकेतूचं १९५९ आधीचं उपसूर्य अंतर, म्हणजे सूर्यापासूनचं सर्वात कमी अंतर, ख.ए.मध्ये (खगोलीय एकक, पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर).

कक्षा मोजायला रिबाउंड हा सिम्युलेशन प्रोग्राम वापरतोय; त्यातला डब्ल्यूएचफास्ट हा इंटिग्रेटर (कक्षा पावलापावलाने मोजणारी पद्धत) सोडून आयएएस१५ वर आलो. ४ फेब्रुवारी १९५९ ला धूमकेतू गुरूपासून जेमतेम ०.०५ ख.ए.वरून जातो, तिथे ठरावीक पावलं टाकणारा इंटिग्रेटर टिकत नाही. आयएएस१५ आपणहून पाऊल आखडतं घेतो. रिबाउंडइतकं भरवशाचं फुकट साधन दुसरं नाही, हे माझं ठाम मत. तारीख लगेच जुळली. अंतर मात्र दर वेळी जरा सरकलेलं, आणि गुरूच्या इतक्या जवळ जरा चुकलं की पलीकडची कक्षाच वेगळी निघते.

संशय पहिल्यापासून वायूच्या झोतांवर होता. बर्फाची वाफ होताना बसणारा हलका धक्का दर फेरीला साठत जातो. नासाच्या हॉरायझन्स या कक्षांच्या माहितीसेवेवरून ए१, ए२ (हा धक्का किती ते सांगणारे आकडे) घेऊन घातले. उत्तर हललं नाही. दोन्ही शून्य केले, तरी तिसऱ्या दशांशापर्यंत तेच! चार रात्री गुरूचे चंद्र, सापेक्षतेची दुरुस्ती, निर्देशांकांची चौकट, सगळं उलथंपालथं केलं. पण फरकच पडत नाही, हाच खरा धागा होता. हॉरायझन्सचे ए१-ए२ दिवसांच्या एककात असतात. रिबाउंडमध्ये माझं एकक वर्ष भागिले २π, म्हणजे ५८.१३ दिवस. प्रवेगात त्याचा वर्ग येतो. धक्का सुमारे ३३७९ पट कमी लागत होता! एक ओळ बदलली आणि सगळं जागेवर आलं.

टिसरँड मापांकही (गुरूच्या तुलनेत कक्षा कशी आहे हे सांगणारा आकडा) तपासला: १९५९ च्या दोन्ही बाजूंना २.७५ च्या आसपासच. कक्षा एवढी बदलली, उपसूर्य २.७ वरून १.२८ वर आलं, तरी हा आकडा जवळपास तसाच राहतो, हे स्वतःच्या आलेखात बघताना फार भारी वाटलं. या ओढीनंतर दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, गेरासिमेंकोंनी घेतलेल्या छायाचित्राच्या प्लेटवर चुर्युमोव यांना तो सापडला.

पुढे २०० क्लोन (सुरुवातीची कक्षा किंचित बदललेल्या प्रती) घेऊन १८४० च्या मागे, थेट विखुरलेल्या चकतीपर्यंत (नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ पिंडांचा प्रदेश) जायचं ठरवलं होतं. पण गुरूच्या प्रत्येक भेटीत क्लोन इतके फाकतात की एकच वाट हाती लागणार नाही, फक्त शक्यता मिळतील. त्यापेक्षा, हे लिहिताना सुचतंय, आधी ३९पी ओटर्मा हा धूमकेतू घेऊ. १९३७ मध्ये गुरूने त्याला आत आणलं, १९६३ मध्ये परत बाहेर लोटलं. आवर्तकाळ १८ वर्षांवरून ८, मग १९. सेंटॉर (गुरू आणि नेपच्यूनच्या दरम्यान फिरणारे पिंड) आणि गुरू-कुळ (गुरूच्या प्रभावाखालचे कमी आवर्तकाळाचे धूमकेतू) यांच्यातला हा उंबरठा त्याने दोनदा ओलांडलाय.

१९४३ ची निरीक्षणं धरलेली ३९पीची कक्षा कोणी वापरली असेल तर कळवा. आज रात्रीच सुरू करतोय.