मागच्या बाकावरच्या खासदाराची पाच वर्षं

लोकसभेच्या ५४३ जागांमधून मंत्री, पक्षांचे गटनेते आणि टीव्हीवर रोज दिसणारे चेहरे वजा केले, की उरतात ते मागच्या बाकांवरचे. त्यातले बरेच जण एकदा किंवा दोनदा निवडून येतात आणि जातात. निवडणूक जवळ आली की त्यांचं प्रगतिपुस्तक दोन आकड्यांत मांडलं जातं: हजेरी किती आणि प्रश्न किती. दोन्ही आकडे फसवे आहेत. एकदा नोंद झाली की हजेरी लागते, मग सभागृहात दहा मिनिटं बसा नाहीतर दिवसभर.

प्रश्नांचं गणित तर आणखी गमतीचं. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न येतात. तारांकिताला मंत्री उभं राहून उत्तर देतो, अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं. नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, आणि एका खासदाराला एका दिवसासाठी पाचपेक्षा जास्त देता येत नाहीत. कुणाचा प्रश्न यादीत कितवा, हे चिठ्ठीवर ठरतं. प्रश्नोत्तराच्या तासात जेमतेम पाच-सहा तारांकित प्रश्नांपर्यंत मजल जाते, म्हणजे पंधराव्या क्रमांकावर नाव आलेल्याने तयारी करून यायचं आणि कागद घेऊन परत जायचं. गोंधळात कामकाज तहकूब झालं तर तेवढंही नाही. शिवाय एकाच विषयाचे प्रश्न एकत्र केले जातात आणि त्यावर चार-पाच जणांची नावं लागतात. प्रत्येकाच्या खात्यावर मात्र एकेक प्रश्न पूर्ण जमा होतो. ‘अमुक शे प्रश्न विचारले’ असं पत्रक हातात आलं, की त्यातले किती प्रश्न मतदारसंघाचे आणि किती सर्वांबरोबर नाव लागलेले, हे संसदेच्या संकेतस्थळावर उघडून बघावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न लिहिणं हे खरं कसब. ‘मुंबई-गोवा महामार्गाचे काम रखडले असून प्रवाशांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: काम प्रगतिपथावर आहे. त्याऐवजी प्रत्येक टप्प्याचा कंत्राटदार, मूळ मुदत, किती वेळा मुदतवाढ दिली, किती दंड आकारला, त्यातला वसूल किती, असं विचारलं तर खात्याला तक्ता जोडावा लागतो. तो तक्ता हाच खासदाराचा पुढचा दारूगोळा. ‘जर असेल तर त्याचा तपशील काय’ अशा साखळीत मात्र सांभाळावं. पहिल्या भागाला ‘नाही’ मिळालं की बाकीच्या सगळ्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं एका ओळीत उत्तर येतं. प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा आहे. जिल्हा परिषद शाळेच्या गळक्या छपराचा प्रश्न दिल्लीत टिकत नाही, कारण तो राज्याचा विषय. न्यायप्रविष्ट बाबही बाद होते. नवे खासदार पहिल्या अधिवेशनात याच दोन कारणांनी आपटतात.

उत्तरात ‘विषय विचाराधीन आहे’ किंवा ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं आलं तर बहुतेक खासदार तिथेच सोडून देतात. खरं तर काम तिथून सुरू होतं. असं वाक्य आश्वासन म्हणून नोंदलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्यावर नजर ठेवायला लोकसभेची १५ जणांची आश्वासन समिती आहे. खाती मुदतवाढ मागत राहतात, पण विषय कागदावरून पुसला जात नाही. चिकाटीचा खासदार ओळखायचा तो इथे. त्याच विषयावर दोन अधिवेशनांनी पुन्हा, मागच्या उत्तराचा क्रमांक देऊन, प्रश्न आला आहे का ते पाहायचं.

शून्य प्रहर, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय मांडायची वेळ, आणि लेखी विषय मांडायचा नियम ३७७ ही बाकीची दोन आयुधं. शून्य प्रहरात बोललेल्याची चित्रफीत संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, म्हणून सर्वांना तोच हवा असतो. पण मंत्र्याने उत्तर द्यायलाच हवं, असं बंधन त्यात नाही. ३७७ खाली आठवड्यात एकच विषय मिळतो, मंजूर मजकूरच वाचायचा, नाहीतर नुसता पटलावर ठेवायचा. दिसायला निरस, पण खात्याचं लेखी उत्तर येतं. मोठ्या चर्चेत मात्र वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो आणि नावं पक्ष ठरवतो. छोट्या पक्षाच्या खासदाराला तीन-चार मिनिटं, त्यातलं एक मिनिट आभारात जातं.

शुक्रवारी दुपारचे शेवटचे अडीच तास खाजगी सदस्यांचे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांचे. आजवर त्यांनी मांडलेली फक्त १४ विधेयकं कायदा झाली, आणि १९७० नंतर एकही नाही. तरीही ती निरर्थक नसतात. राजापूरचे खासदार नाथ पै यांचं उदाहरण पाहा. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना धक्का लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निकाल दिला. विरोधी बाकावरच्या नाथ पैंनी त्याच वर्षी, तो अधिकार संसदेकडे परत आणणारं विधेयक मांडलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर भरपूर वाद झाला आणि डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते बाद झालं. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारने २४वी घटनादुरुस्ती केली, ती मुळात याच दिशेची होती. विधेयक योग्य होतं की नाही यावर आजही मतभेद होऊ शकतात. सरकारला त्या मुद्द्यावर भूमिका घ्यायला लावलं, हे मात्र मागच्या बाकावरून झालं.

मतदारसंघात हे काहीच दिसत नाही. तिथे दिसतो खासदार निधी. वर्षाला ५ कोटी, पण एक रुपयाही खासदाराच्या हातात येत नाही. तो फक्त काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासनाची, आणि निर्णय ४५ दिवसांत व्हावा असा नियम. १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायची असते. धार्मिक स्थळाला निधी चालत नाही, म्हणून देवळाशेजारचा मंडप कागदावर ‘सामाजिक सभागृह’ होतो. सगळ्यात जास्त कामं अडतात ती सात-बाऱ्यावर: जागा खाजगी नावावर निघते आणि फाइल परत येते. पाचव्या वर्षी सुचवलेलं काम आचारसंहितेआधी जमिनीवर सुरू झालं नाही, तर निकाल लागेपर्यंत थांबतं. हुशार खासदार म्हणूनच पहिल्या दोन वर्षांत याद्या देऊन मोकळे होतात.

त्याहून वजनदार आणि दुर्लक्षित जागा म्हणजे ‘दिशा’ समिती. केंद्राच्या योजनांचा जिल्ह्यातला आढावा ती घेते, अध्यक्ष खासदार असतो आणि बैठक दर तिमाहीला व्हायला हवी. घरकुलांचे हप्ते का अडले, हे तिथे जिल्हाधिकाऱ्यांसमोर विचारता येतं. बैठका किती झाल्या आणि इतिवृत्त काय, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं.

हरल्यावर दिल्लीचं घर महिन्याभरात सोडायचं. पुन्हा उभं राहायचं असेल तर त्या घराचं भाडं, वीज, पाणी, फोन यांची थकबाकी नसल्याचा दाखला मिळवून ठेवावा. उमेदवारी अर्जासोबत तो लागतो, आणि शेवटच्या दिवशी दिल्लीहून मागवायची धावपळ दर निवडणुकीत कुणाची ना कुणाची होतेच.