सुटणारे बंध

बुधवार, रात्री

अकरावीला आज अणू, बंध आणि पाणी घेतलं. बायोलॉजीच्या तासाला फळ्यावर इलेक्ट्रॉनच्या कक्षा काढल्या की "मॅडम, हे केमिस्ट्रीत झालंय" असा सूर निघतोच. झालेलं असतंही. सोडियम २, ८, १ आणि क्लोरीन २, ८, ७ सगळ्यांना तोंडपाठ. एक इलेक्ट्रॉन देऊन धन आयन होतो, दुसरा तो घेऊन ऋण, झालं मीठ. त्यात वेळ घालवला नाही.

मिठाचा स्फटिक वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, एवढं सांगून दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत शेंगदाण्याचं तेल, दोन्हींत चिमूटभर मीठ. हलवल्यावर पाण्यातलं मीठ दिसेनासं झालं. तेलातले दाणे गिरक्या घेत खाली उतरले आणि बुडाशी जसेच्या तसे बसून राहिले. ८०१ अंशांनी सुटणारी वीण साध्या पाण्यानं कशी सोडवली, एवढंच विचारलं आणि गप्प राहिले.

"पाणी पोलर असतं." हे उत्तर येणारच होतं, क्लासच्या नोट्समध्ये ते छापलेलं असतं. पण पोलर असल्यानं होतं काय? ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढतो, म्हणून त्याची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. शिवाय रेणू १०४.५ अंशांत वाकलेला. सरळ असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना खोडून गेली असती. सोडियमभोवती पाण्याचे रेणू ऑक्सिजन आत करून गोळा होतात, क्लोराइडभोवती हायड्रोजन आत करून. एकेकाची ओढ थोडी, पण गर्दी मोठी. तेलाच्या लांब शेपट्यांकडे आयनला द्यायला असं काहीच नाही.

पाण्याच्या एका रेणूचा किंचित धन हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या किंचित ऋण ऑक्सिजनकडे ओढला जातो, त्या हायड्रोजन बंधाला मात्र पोरं मोजतच नाहीत. पुस्तकात तो तुटक रेघेनं काढतात, त्यानंच निम्मं नुकसान होतं असं माझं मत. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजनचा सहसंयुज बंध, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेला, तोडायला मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल लागतात, दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध तोडायला साधारण २०. यावरून वर्गाचा निकाल ठरलेला: पहिला महत्त्वाचा, दुसरा किरकोळ. मग मी तिसरा आकडा लिहिला. शरीराच्या तापमानाला रेणूंची जी धक्काबुक्की चालू असते, तिची ऊर्जा मोलमागे अडीच किलोज्यूलच्या आसपास. ४६० ला त्याचा पत्ताही लागत नाही. २० वाला बंध टिकतो, सुटतो, पुन्हा जुळतो. पाण्यात तर तो सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपास जोडीदार बदलतो. पेशीला नेमकं हेच हवं असतं. डीएनएच्या प्रत्येक धाग्याचा कणा सहसंयुज, पण समोरासमोरच्या जोड्या हायड्रोजन बंधांच्या. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए-टीच्या जोडीत दोन, जी-सीच्या जोडीत तीन. डीएनएच्या प्रती काढायच्या पीसीआर तंत्रात ९५ अंशांना धागे वेगळे होतात आणि त्यांच्यातला अक्षरांचा क्रम मात्र जागचा हलत नाही. त्या जोड्याही ४६० च्या असत्या तर पेशीनं विभाजन केलं असतं कसं?

शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं तास संपता संपता विचारलं, "पोटॅशियमच्या चॅनेलमधून सोडियम का जात नाही? तो तर लहान आहे." मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं आनंदानं घालवली. चॅनेल म्हणजे पेशीच्या पडद्यातली प्रथिनाची वाट. आयन त्या अरुंद वाटेत शिरतो तो भोवतीचं पाणी उतरवून, आणि पाणी उतरवायला ऊर्जा पडते. चॅनेलच्या भिंतीत प्रथिनाचे ऑक्सिजन अशा अंतरावर बसलेत की पोटॅशियमला पाण्याचे ऑक्सिजन सोडल्याचं जाणवूच नये. सोडियम लहान, त्यामुळे तो चारी बाजूंच्या ऑक्सिजनना एकाच वेळी पोचत नाही. भरपाई पुरी पडत नाही, म्हणून तो आपलं पाणी सोडायला तयार नसतो आणि बाहेरच राहतो. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये ही रचना दाखवली, २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पोटॅशियमला ही वाट सोडियमपेक्षा निदान दहा हजार पटींनी मोकळी आहे. हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मोठा असल्याचा फायदा!" बरोबर आहे.

पीएच राहिला. उद्या प्रॅक्टिकलची बॅच, त्यामुळे तो शुक्रवारी.