काळोखेसाहेबांचा शेवट

अडीच वर्षं मी एक राजा सांभाळला आणि त्याला पाडायची वेळ आली तेव्हा माझाच पाय निघेना.

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांना हे दुखणं सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि डीएम नावाचा एक जण उरलेलं सगळं जग चालवतो. पाऊसपाणी, बाजारभाव, राक्षस, राजे, सगळं. काय करायचं ते बोलून ठरतं आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत काढलेला हा खेळ आमच्या कोथरूडच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी चालतो, मराठीत. म्हणजे "अरे इनिशिएटिव्ह टाका की" इतपत मराठीत. डीएम मी. खेळणारे चौघे: मामेबहीण, कॉलेजातला जुना रूममेट, ऑफिसातला एक कायम उशिरा येणारा मित्र, आणि वहिनी. वहिनी पहिल्यांदा आली ती फक्त "हे लोक चार तास करतात काय" ते बघायला.

माझा खलनायक होता डार्क एल्फांचा राजा. या खेळात डार्क एल्फ, म्हणजे ड्राऊ, जमिनीखाली राहतात. १९७८ च्या साहसकथांपासून ते खेळात आहेत. त्यांच्याकडे राज्य असतं बायकांचं: लॉल्थ या कोळी-देवीच्या पुजारिणी सत्ता चालवतात, पुरुषांना दरबारात फारसं कोणी विचारत नाही. त्यामुळे राजा म्हटलं की तो गादी बळकावलेलाच असणार. मला हवा होता तो अगदी असाच. पुजारिणींना कोठडीत टाकून सिंहासनावर बसलेला, आणि डोक्यात एकच खूळ: सूर्य विझवायचा. वरच्यांचा सूर्य गेला की सगळं जग आपलं.

सूर्य विझण्याची कल्पना नॉर्स पुराणातून उचलली. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लसनने १२२० च्या सुमारास ज्या कथा लिहून ठेवल्या त्यात जगबुडीच्या आधी फिंबुलवेटर येतो. लागोपाठ तीन हिवाळे, मध्ये उन्हाळाच नाही, आणि पुढे लांडगा सूर्य गिळतो. जमिनीखालच्या काळ्या एल्फांचा उल्लेखही त्याच स्नोरीकडे आहे. तो म्हणतो, ते डांबराहून काळे. इथे मात्र मी स्नोरीला सोडलं. ज्या घरात अजून स्थळ बघताना "मुलगी गोरी आहे ना" विचारतात, तिथे दर रविवारी काळे म्हणजे दुष्ट असा खेळ मला मांडायचा नव्हता. गुहेतले मासे, कीटक पिढ्यानपिढ्या अंधारात राहून रंग गमावतात. तसे माझे एल्फ राखेसारखे फिके केले.

मग नाव. यक्ष म्हणावं तर ते कुबेराचे, गंधर्व म्हणावं तर गायला लागतील. शेवटी त्या लोकांना मी "काळोखे" म्हटलं आणि तिथेच घात झाला. मामेबहिणीच्या वर्गात काळोखे आडनावाची मुलगी होती. राजाचं नाव मी फार विचार करून इल्वराक ठेवलं होतं, पण टेबलावर तो पहिल्या दिवसापासून काळोखेसाहेब झाला. "साहेब आहेत का आत?" असं विचारून लोक किल्ल्यात शिरायचे. भीती कशी बसणार, कप्पाळ.

तरी शेवटची लढाई मी जोरदार बांधली होती. चाळीस पानी वही. राजाचे दोन अवतार, कोसळणारं छत, दीड पानाचं भाषण. शिवाय अशा मोठ्या शत्रूंना नियमानं मिळणारी ढाल: मंत्राच्या माऱ्यात फासा हरला तरी दिवसातून तीन वेळा "नाही, मी वाचलो" म्हणायची मुभा. त्या तीन चौकटी मी त्याच्या कागदावर पट्टीने आखल्या होत्या. एकेक वापरली की फुली मारायची.

खेळात राजाने सूर्य विझवला होता, तिसरा हिवाळा चालू होता. मंडळी भूमिगत शहराच्या वेशीपाशी पोचली, मी वर्णन सुरू केलं. निळसर उजेड, दगडी कमानी, मैलभर पसरलेली अळिंब्यांची दालनं. वहिनीने हात वर केला.

"भावोजी, हे लोक खातात काय?"

"अळिंबी. सांगितलं ना आत्ता."

"हो, पण अळिंबी कशावर वाढते त्यांची?"

आता, वहिनीने लग्नाआधी दोन वर्षं माहेरी धिंगरी अळिंबीची शेड चालवलेली आहे. घराच्या मागे, बारदानाचे पडदे लावून. भाताचा पेंढा नाहीतर सोयाबीनचं काड भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, पिशवीत एक थर काड, एक थर बियाणं असं भरायचं. अळिंबीला ऊन लागत नाही हे खरं, पण ती जगते दुसऱ्याच्या उन्हावर. कुठेतरी शेतात कोणीतरी भात पिकवलेला असावा लागतो.

"आमचं काड संपलं की शेड बंद," ती म्हणाली. "यांचं काड येतं कुठून? वर तर तीन वर्षं काही पिकलं नाही."

मी चहा ठेवायला उठलो. अर्धा तास चहाच केला.

त्या आठवड्यात मी वाचत बसलो. बहुतेक गुहांमधली जीवसृष्टी वरून येणाऱ्या माल-मसाल्यावरच चालते: पाण्याबरोबर वाहून आलेला पालापाचोळा, लाकूड, वटवाघळांची विष्ठा. अपवाद मिळाला तेव्हा मी टेबलावर हात आपटला. रोमानियातली मोविले गुहा, १९८६ मध्ये सापडलेली. बाहेरच्या जगापासून जवळपास तुटलेली, आणि आतले जीव पोसले जातात ते गंधकाच्या संयुगांवर जगणाऱ्या जिवाणूंवर. सूर्याची गरजच नाही! म्हटलं, काळोखेसाहेब वाचले. शहराखाली गंधकाचं तळं दाखवायचं, वहिनीचा प्रश्न मिटला.

बुधवारी रात्री मामेबहिणीचा मेसेज आला. ती सगळ्या बैठकांची टिपणं ठेवते, आणि ठेवते म्हणजे तारखेनिशी. नवव्या बैठकीतला कागद: "गुहेच्या तोंडाशी जकात नाका. कुजक्या पेंढ्याच्या गाड्या आत जातायत. वास भयंकर." ते मीच सांगितलं होतं. वातावरणनिर्मिती म्हणून, दोन वर्षांपूर्वी, बिनडोकपणे. खाली तिने लिहिलं होतं: "दादा, पेंढा."

आता गंधकाचं तळं आणणं म्हणजे शुद्ध लबाडी झाली असती. डीएमला ती सहज करता येते, पडद्याआड फासे टाकतो तोच. पण एकदा सांगितलेलं जग खरं धरायचं, एवढा एकच करार या टेबलावर असतो. मी वही उघडली आणि पंचवीसेक पानं फाडली. छताचा कोसळ गेला, दुसरा अवतार गेला. उरलं ते एका कागदावर मावलं: साठा किती दिवसांचा, पहारे कोण सोडून जातं, कोठडीतल्या पुजारिणींना भाकरतुकडा कोण देतं. राजाच्या शहराचा हिशोब केला तर तो हिवाळा संपायच्या आतच उपाशी मरत होता. त्याला हवं ते मिळालं होतं आणि त्यातच तो संपत होता, मी मात्र अडीच वर्षं त्याच्यासाठी तलवारीची धार काढत बसलो होतो.

पुढच्या रविवारी मंडळींनी लढाई केलीच नाही. नाक्यावर उरलेल्या अकरा गाड्या अडवल्या आणि बसून राहिली. ऑफिसातला मित्र उशिरा आला, त्याला वाटलं काहीतरी चुकलंय. आत दालनं एकामागून एक काळी पडत गेली. चौथ्या दिवशी पुजारिणींनी आतूनच वेस उघडली.

सिंहासनाच्या दालनात राजा, आणि सोबत पहाऱ्याचा एकच नायक. मला वाटलं, आता तरी लढतील. मामेबहिणीने डेलाइट मंत्र टाकला. इथे आमचं वाजलं. आम्ही २०१४ च्या पुस्तकांवर खेळतो. त्यात या मंत्राचं नाव डेलाइट असलं तरी तो देतो ६० फुटांपर्यंतचा लख्ख उजेड. सूर्यप्रकाश हा शब्द वर्णनात नाही. आणि ड्राऊंचा नेम चुकतो तो सूर्यप्रकाशात. २०२४ च्या आवृत्तीने ही गोची काढून सरळ सूर्यप्रकाश लिहिलंय, पण आमच्याकडे जुनं पुस्तक. मी नियम वाचून दाखवला.

"दादा, तू त्याला वाचवतोयस."

नियमानं माझंच बरोबर होतं. पण तिचंही खोटं नव्हतं. मी समोरचा पुठ्ठ्याचा पडदा मिटून खाली ठेवला आणि म्हटलं, यापुढे सगळे फासे उघड्यावर.

रूममेटने तलवार उपसलीच नाही, त्या नायकाशी बोलायला लागला. घरी कोण आहे, लेकरं काय खातात. फासा टाकला, १९. नायकाने भाला जमिनीवर ठेवला. राजा उभा राहिला आणि मी भाषणाचं पान पुढे ओढलं. "मी तो आहे ज्याने सूर्याच्या..." इतकं म्हणालो असेन, वहिनीचं बुटकं पात्र दोन पायऱ्या चढून वर आलं.

"साहेब, जेवलात का?"

कोणी हसलं नाही. मी पान बघितलं, दीड पानात या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं. थोडा वेळ पंख्याचा आवाज. मग मी राजाच्या आवाजात, तो आवाज कसाबसा काढत म्हणालो, "नाही." आणि राजाला खाली बसवलं.

त्याचा कागद माझ्याकडे आहे. पट्टीने आखलेल्या तिन्ही चौकटी कोऱ्या.

सूर्य अजून विझलेलाच आहे, म्हणजे मोहीम काही संपलेली नाही. सोमवारी सकाळी वहिनीचा मेसेज होता: "पेंढा ८-१० तास भिजवावा लागतो. त्यांच्याकडे एवढं पाणी आहे का ते बघून ठेवा."