दिल्ली दरवाजा ते तुळशीबाग: भूलभुलैया वरून आणि आतून

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत गेलं की सरळ चालता येत नाही. समोर भिंत आडवी येते. आधी उजवीकडे वळायचं, लगेच डावीकडे, आणि मग वाड्याचं मोकळं आवार दिसतं. दरवाजावरचे लांब अणकुचीदार खिळे हत्तींच्या कपाळांसाठी होते. ही दोन वळणं माणसांसाठी आहेत. दार फोडून घुसलेल्या सैन्याचा वेग इथेच मोडला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. आजही शाळेची सहल या वळणावर आपोआप हळू होते, मागची मुलं पुढच्यांवर आदळतात. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या वाड्याचं हे तंत्र अजून चालू आहे, हे बघून मला फार बरं वाटलं.

परवा ‘द शायनिंग’ पुन्हा पाहिला आणि तेव्हापासून डोक्यात भूलभुलैयाच घोळत होता, म्हणून ही फेरी. स्टॅन्ली कुब्रिकच्या १९८०च्या या चित्रपटात बर्फाने वेढलेल्या हॉटेलाबाहेर उंच झुडपांच्या भिंतींचा भूलभुलैया आहे. मूळ कादंबरीत तो नाही, तिथे प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आहेत. चित्रपटात हॉटेल म्हणून दिसणारी इमारत अमेरिकेत ऑरेगनमध्ये आहे आणि तिच्यासमोरही असलं काही नाही. तो भूलभुलैया इंग्लंडमध्ये सेट म्हणून उभारला होता. शेवटच्या पाठलागातलं बर्फ म्हणजे मीठ आणि थर्माकोलचा चुरा. पण मला त्यातलं एक साधंसं दृश्य सगळ्यात भेदक वाटतं. बाप हॉटेलात ठेवलेल्या भूलभुलैयाच्या छोट्या प्रतिकृतीवर वाकून बघतो, कॅमेरा वरून खाली बघू लागतो आणि मधोमध मुंगीएवढी आई आणि मुलगा चालताना दिसतात. वरून बघणाऱ्याला सगळं ठाऊक. आत चालणाऱ्याला पुढचं वळणसुद्धा माहीत नाही.

लहानपणी दिवाळी अंकात ‘सशाला गाजरापर्यंत पोहोचवा’ असायचं. तेव्हा आपण कायम वरच असायचो. सशाला काय वाटत असेल, हे कुणी विचारलंच नाही.

शनिवारवाड्यात हे वरून बघणं आयतं मिळतं. तटावर चढा आणि आत बघा. १८२८च्या आगीत वरचे मजले गेले, राहिली ती जोती. दालनं, चौक, बोळकंड्या, सगळ्यांचा आराखडा घोट्याएवढ्या उंचीत जमिनीवर मांडून ठेवलेला आहे. मुलं त्यावरून उड्या मारत एका दालनातून दुसऱ्यात जातात, मध्ये भिंतच नाही. आणि मग ३० ऑगस्ट १७७३ आठवतो. सतरा-अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे मागे गारदी लागलेले असताना याच दालनांतून काकांकडे धावत गेले. तेव्हा भिंती होत्या, दारं होती, कोपऱ्यापलीकडचं दिसत नव्हतं. पुढे काय झालं ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तटावरून बघताना ते अंतर इतकं थोडं वाटतं की गलबलून येतं. भूलभुलैयातला पाठलाग दाखवायला कोणत्याही दिग्दर्शकाला पुण्याबाहेर जायची गरज नाही.

वाड्यातून निघून अप्पा बळवंत चौकाकडे आले. पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत तांबड्या जोगेश्वरीचं दर्शन घेतलं आणि मोठा रस्ता सोडून बुधवारातल्या बोळात शिरले. आता वरून बघणं बंद.

भूलभुलैयातून बाहेर पडायचा एक जुना नियम आहे. एक हात भिंतीला लावायचा आणि तो न उचलता चालत राहायचं. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात साधारण १७०० सालापासून असलेल्या हिरव्या भूलभुलैयात हा नियम चालतो. मी बुधवार पेठेत उजवा हात मनातल्या मनात भिंतीला लावला आणि निघाले. घड्याळवाला, शिवणयंत्राचे सुटे भाग, बंद वाड्याचं दार, पिठाची गिरणी, पुन्हा तोच घड्याळवाला. हे असंच व्हायला हवं. भिंत अखंड असेल आणि बाहेरच्या कडेशी जोडलेली असेल तरच नियम लागू पडतो. सुट्या बेटाला हात लावलात तर बेटाभोवतीच फिरत बसता. पेठेतला प्रत्येक वाडा, प्रत्येक चाळ म्हणजे असं एकेक बेट.

एका ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या आजोबांना विचारलं, “काका, आतून तुळशीबागेकडे निघता येईल का?”

“येईल की. पण आतून कशाला? सरळ लक्ष्मी रोडने जा.”

“मला आतूनच जायचंय.”

त्यांनी पेपर खाली घेतला, चष्म्यावरून बघितलं. “मग ह्या वाड्यातून जा, मागचं दार उघडं असतं. नळकोंडाळं ओलांडलं की डाव्या हाताला. मारुती दिसला तर पुढे गेलात असं समजा.”

मागे परतीची खूण असलेली ही वाट मला फार आवडली. पेठांमधली देवळं म्हणजे हरवणाऱ्यांसाठी केलेली सोयच. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, उंबऱ्या गणपती. इतक्या मारुतींमधून नेमका एक सांगायचा तर त्याला आडनावासारखं काहीतरी लागणारच. पाटी नसलेल्या बोळात ही नावं अजून काम करतात. मोबाइलच्या नकाशावरचा निळा ठिपका मात्र दोन वाड्यांच्या मधल्या फटीत कधी या घरात, कधी त्या घरात जाऊन बसत होता.

वाड्याच्या आत काळोख, मग चौकातला उजेड, तुळस, वाळत घातलेले परकर, परत काळोख. कुणीही हटकलं नाही. मागच्या दाराने बाहेर पडले तर आवाजच बदलला होता.

चित्रपटातल्या भूलभुलैयाच्या मध्यभागी काहीतरी दडलेलं असावंच लागतं. क्रीटच्या राजाने बैलाच्या तोंडाचा मिनोटॉर तिथे कोंडला, तेव्हापासूनची ही रीत. गियेर्मो देल तोरोच्या ‘पॅन्स लॅबिरिंथ’मध्ये भिंती स्वतः उघडून पाठलाग होणाऱ्या मुलीला वाट देतात. भिंतीला दया येते, ही कल्पना मला फार मोठी वाटते. पण खरे भूलभुलैये बहुतेक वेळा कुणाला हरवण्यासाठी बांधलेलेच नसतात. लखनौचा बडा इमामबाडा घ्या. १७८४च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून नवाब असफउद्दौलाने तो बांधायला घेतला. आतलं दालन सुमारे पन्नास मीटर लांब, आणि छताला एकही तुळई नाही. त्या कमानदार छताचा भार पेलायला भोवतीच्या बांधकामात पोकळ्या ठेवल्या, त्या पोकळ्यांना जोडणारे बोळ झाले, आणि आज लोक तिकीट काढून त्यात हरवायला जातात. मी गेले होते तेव्हा वाटाड्या सांगत होता की नवाबाला बेगमांबरोबर लपाछपी खेळायची होती. मला त्या छताची गोष्ट जास्त खरी आणि जास्त सुंदर वाटते.

पेठांचंही तेच. कुणी एकाने बसून हा गुंता आखला नाही. एकाने वाडा बांधला, दुसऱ्याने त्याला टेकून भिंत घातली, तिसऱ्याने पाण्याला वाट ठेवली, आणि ती वाट माणसांनी वापरली.

तुळशीबागेत पोहोचले ते मागच्या अंगाने. कानातली, पिना, पितळी समया, भातुकलीची भांडी, दोन्ही बाजूंनी अंगावर येणारा माल. या गर्दीत असताना राममंदिराचं शिखर दिसत नाही. एका दरवाजातून आत गेलात की एकदम चौक, मोकळं आकाश आणि समोर शिखर. मिनोटॉरच्या जागी राम, लक्ष्मण, सीता. एक बाई सभामंडपात पिशव्या टेकून पाय चोळत बसल्या होत्या.

बाहेर निघायला दारं अनेक. मी मंडईच्या बाजूचं घेतलं.

आता पुढची फेरी जमिनीखालची करायची आहे, निदान वरून माग काढत. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, ते माणूस उभा चालू शकेल अशा बांधीव नळातून. जागोजागी वर उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी झरोके, काढले आणि पेठांत हौद बांधले. वर एवढा गुंता, पण खालचं पाणी कात्रजहून निघून बरोबर वाड्यात पोहोचत होतं. काळा हौद आणि बदामी हौद ही नावं अजून पत्त्यात लिहिली जातात. सुरुवात तिथूनच करीन.