विमानाची पाठ

लाँगइयरब्येनला उतरलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. जूनमध्ये स्वालबार्डवर, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या या बेटांवर, सूर्य मावळतच नाही. बियाण्यांवरच्या माहितीपटासाठी मी ड्रोन घेऊन गेलो होतो. दिग्दर्शकाला सगळ्यात आधी एक शॉट हवा होता: डोंगरातून पाचरीसारखं बाहेर आलेलं सीड व्हॉल्टचं, म्हणजे जगभरातल्या बियाण्यांच्या कोठाराचं, काँक्रीटचं तोंड, आणि ड्रोन मागे मागे सरकत जाईल तसा उलगडणारा फियोर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची खाडी.

कागदपत्रांची तयारी मी मन लावून केली होती. नॉर्वेत ऑपरेटर म्हणून नोंदणी, ४० प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा, नंबर ड्रोनवर चिकटवलेला, विमा उतरवलेला. बॅटऱ्या ७७ वॉट-अवरच्या, म्हणजे १०० च्या मर्यादेत. तरी प्रत्येकीच्या टोकांना टेप लावून त्या हातातल्या बॅगेत ठेवल्या, कारण सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या सामानात चालत नाही. व्हिसासुद्धा दुहेरी प्रवेशाचा घेतला. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राच्या, बाहेर आहे. एकेरी व्हिसावर गेलं तर परत ऑस्लोत शिरणार कसं?

एवढं सगळं केलं, पण नकाशा बघितला नाही. जग संपतं त्या टोकाला कोण अडवणार, असं धरून चाललो होतो.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर नकाशा उघडला. विमानतळाभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ होतं, त्यात परवानगीशिवाय उड्डाण बंद. व्हॉल्ट तर धावपट्टीच्या बरोबर वरच्या उतारावर, आणि गावही जवळपास अख्खं त्याच वर्तुळात. लगेच विमानतळाकडे परवानगी मागितली. उत्तर सभ्य होतं आणि नकाराचं होतं: हेलिकॉप्टरची कामं चालू आहेत, आज नाही. आमच्याकडे तर दोनच दिवस होते.

तरी आम्ही वर गेलो, निदान ट्रायपॉडवरून काही मिळेल म्हणून. दिग्दर्शकानं ड्रोन बाहेर काढायला लावला. “सुरू तर करून बघ.” सुरू केला. ॲपवर इशारा आला, आणि खाली ‘जबाबदारी माझी’ अशा अर्थाचं बटण. पूर्वी विमानतळाजवळ हे यंत्र स्वतःच हटून बसायचं, मोटर फिरायचीच नाही. आता ते फक्त विचारतं.

“ॲप उडू देतंय ना? मग अडचण काय आहे?”

“ॲप देतंय रे. विमानतळवाले नाही देत.”

“दोन मिनिटांचं काम आहे. कोण बघतंय?”

खरं सांगतो, माझा अंगठा पडद्याच्या अगदी जवळ होता. शॉट डोळ्यांसमोर दिसत होता आणि वाराही पडला होता. तेवढ्यात फियोर्डवरून घरघर आली. प्रवासी विमान उतरायला येत होतं, आणि आम्ही त्याच्याकडे मान वर करून नाही, मान खाली घालून बघत होतो. पंखांचा वरचा भाग, पाठीवरचा छोटा अँटेना, सगळं दिसत होतं. व्हॉल्ट समुद्रसपाटीपासून साधारण १३० मीटर वर आहे. ड्रोन फियोर्डकडे मागे मागे नेणं म्हणजे नेमकं त्या विमानाच्या वाटेवर नेणं. मी बॅटरी काढली. दिग्दर्शक काही बोलला नाही. ट्रायपॉड मात्र त्यानंच उघडला.

दुसऱ्या दिवशी आद्वेंतदालेनच्या दरीत गेलो, वर्तुळाबाहेर. वाटेत पांढऱ्या अस्वलाची ती प्रसिद्ध पाटी लागते, ‘संपूर्ण स्वालबार्डसाठी लागू’ असं लिहिलेली. तिच्यापुढे बंदूक असलेला वाटाड्या हवाच. तरी पहिली जागा त्यानंच नाकारली. स्लेजच्या कुत्र्यांच्या आवाराला खेटून आयडर बदकं अंड्यांवर बसली होती; कुत्र्यांच्या भीतीनं कोल्हे फिरकत नाहीत म्हणून ती तिथंच घरटी करतात. कुत्र्यांचं भुंकणं त्यांना चालतं, पण डोक्यावर ड्रोन आला तर ती अंडी सोडून उठतील. आणखी बरंच पुढे गेलो.

तिथं होकायंत्र जुळेना. इतक्या उत्तरेला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जवळपास सरळ जमिनीत घुसतं, त्यामुळे ड्रोनला दिशेचा नीट अंदाज येत नाही. आपोआप परत येण्याच्या सोयीवर भिस्त ठेवायची नाही असं ठरवलं आणि ड्रोन डोळ्यांसमोरच ठेवून हातानं उडवायला घेतला. वाटाड्या माझ्या पाठीला पाठ लावून उभा राहिला.

“तू वर बघ,” तो म्हणाला, “खाली काय येतंय ते मी बघतो.”

अकरा मिनिटं उडवला. बॅटरी ४० टक्क्यांवर आल्यावर उतरवला, बोटं बधिर झाली होती. माहितीपटात त्यातले नऊ सेकंद आहेत, दरी आणि वेणीसारख्या वाहणाऱ्या नदीचे. व्हॉल्टचा शॉट ट्रायपॉडवरचाच आहे, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यातून ते विमान जातं. दिग्दर्शकानं ते कापलं नाही.