सगळ्याला 'हो'

वेंगुर्ल्यात नारळ पाडणाऱ्याला विचारावं, उद्या येशील? 'येतंय.' दोर-कोयता आणशील? 'हाडतंय.' आणि पाऊस लागला तर? 'तरी येतंय.' तिन्ही प्रश्नांना होकार आला की आमची आई तडक दुसऱ्याला निरोप धाडते.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, ड्रायव्हर (एकेक उपकरण हाताळणारा प्रोग्राम) लिहिणाऱ्यांकडे आईसारखीच नजर असावी लागते. पीसीआय एक्सप्रेसवरचं, म्हणजे मदरबोर्डच्या खाचेत बसवलेलं, कार्ड अचानक मेलं तर ते गप्प बसेल, असं आपल्याला वाटतं. पण प्रोसेसरच्या हातात काहीतरी ठेवावं लागतं, म्हणून बहुतेक मशिनांत उत्तराच्या ३२ च्या ३२ बिटांत एक भरून येतो, आणि एक म्हणजे 'हो'. तयार आहेस? हो. कामात आहेस? हो. बिघडलायस? तेही हो! 'कामात' हा बिट उतरायची वाट बघणारा भाबडा लूप मग जन्मभर तिथेच फिरत राहतो. शहाणा ड्रायव्हर सगळे बिट एक दिसले की सावध होतो, आणि वाट बघायचीच तर घड्याळ लावून बघतो.

डिस्कसाठी हे घड्याळ साधारण ३० सेकंदांचं. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर कर्नेलचा स्कझी थर (डिस्कांशी बोलणारा भाग) आधी फक्त अडकलेली आज्ञा रद्द करून बघतो. मग त्या एका डिस्कला रिसेट, मग अख्ख्या बसला, म्हणजे डिस्कांच्या सामायिक वाटेला, मग खुद्द त्यांना चालवणाऱ्या कंट्रोलरला. बसला रिसेट दिला की तिच्यावरच्या बाकी गरीब डिस्कांचंही चालू काम विस्कटतं, म्हणून ती पायरी उशिराची. एवढ्यानेही भागलं नाही तर डिस्क ऑफलाइन. आम्ही माणसं मात्र वायफाय रुसलं की थेट मेन स्विच खाली ओढतो. फ्रिजमधल्या बांगड्यांचं काय होईल, ते नंतर.

मला सगळ्यात आवडते ती साटाची, म्हणजे डिस्क जोडायच्या नेहमीच्या केबलवरची, तडजोड. रिसेट देऊनही चुका थांबेनात तर कर्नेल जोडणीचा वेगच उतरवतो, सेकंदाला ६ गिगाबिटवरून ३, तिथून १.५. आमच्या जुन्या पीसीच्या केबलची टोकं खाऱ्या हवेने काळवंडली आहेत. त्यामुळे तो सुरू केला की डिस्क जरा अडखळते, दोन-चार रिसेट खाते आणि १.५ वर मुकाट चालू लागते. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब तेवढ्यावर उघडतो. केबलचं दिवाळीत बघू.