माळेसाठी नेलेले कांदे

२०२३ च्या फेब्रुवारीत आमच्या वावरातून अर्धी गोणी कांदे मोर्चातल्या माळांसाठी गेले. गावातले एक कार्यकर्ते सकाळी सकाळीच दारात आले. तेव्हा त्यांचा पक्ष, राष्ट्रवादी, विरोधात होता. "वहिनी, पातीसकट द्या, ओवायला बरे पडतात. आणि एकसारखे बघून द्या, फोटोत चांगले दिसतात." त्या आठवड्यात लाल कांदा दोन-तीन रुपये किलोनं जात होता. काढणीची मजुरीही निघत नव्हती, म्हणून आमच्या शेजाऱ्यांनी उभ्या पिकात रोटर फिरवला होता. मी वाफ्यात बसून कांदे निवडून दिले. पैसे घेतले नाहीत. आपल्यासाठीच भांडायला चाललेत, त्यांच्याकडून पैसे कसले घ्यायचे!

तहसीलवर मोर्चा झाला. तिकडे मुंबईत विधानभवनाच्या पायऱ्यांवरही राष्ट्रवादीचे आमदार कांद्याच्या माळा घालून उभे होते. टीव्हीवर ते बघताना माझ्या सासूबाईंनी हात जोडले, ते मला अजून आठवतं.

त्याच पक्षाचे नऊ जण २ जुलैला भाजप-शिंदे सरकारात मंत्री झाले. १९ ऑगस्टला केंद्र सरकारनं कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. मी त्याच कार्यकर्त्यांना फोन केला. म्हणाले, "वरचा निर्णय आहे वहिनी. शहरातल्या गरिबाचाही विचार करावा लागतो ना."

शहरातल्या गरिबाचा विचार करू नये, असं मी कधीच म्हणणार नाही. माझी धाकटी बहीण नाशिकला भाड्याच्या खोलीत राहते, पाव किलोच्या हिशोबानं भाजी आणते. पण फेब्रुवारीत माळ गळ्यात घालताना तो गरीब यांना आठवला नव्हता, आणि ऑगस्टमध्ये माळेतला कांदा कुणाच्या वावरातला होता ते आठवलं नाही. तालुका तोच, पीक तेच, बोलणारं तोंड तेच. मधल्या सहा महिन्यांत फक्त खुर्ची बदलली.

हे एकाच पक्षाचं असतं तर मी लिहायला बसले नसते. माझे वडील निफाड तालुक्यातले. त्यांना आम्ही बापू म्हणतो. १९८० साली ते बावीस वर्षांचे होते. त्या जानेवारीच्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याच्या महागाईवरून जनता सरकारला धारेवर धरलं आणि त्या निवडून आल्या. त्याच वर्षी शेतकरी संघटनेनं आमच्या भागात उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव मागितला. संघटनेचे नेते शरद जोशी, त्यांच्या सभांना बापू सायकलवर जायचे. १० नोव्हेंबरला खेरवाडी स्टेशनात लोक रुळावर बसले, पोलिसांनी गोळीबार केला, दोन शेतकरी गेले. तेव्हा राज्यात आणि केंद्रात सरकार इंदिरा काँग्रेसचंच होतं. बापू म्हणतात, "कांदा महाग झाला म्हणून मत मागायला आले होते, स्वस्त झाला म्हणून सांगायला आम्ही गेलो तर बंदूक."

१९९८ मध्ये दिल्लीत भाजपचं राज्य होतं, केंद्रातही भाजपच. कांदा भडकला, काँग्रेसनं तोच प्रचाराचा मुद्दा केला आणि भाजपच्या हातून दिल्ली गेली. डिसेंबर २०१० मध्ये केंद्रात काँग्रेस होती, कृषिमंत्री आपले शरद पवार. तेव्हा महागाईवरून भाजप रस्त्यावर होता आणि सरकारनं निर्यात बंद केली. पुढं २०२३ च्या निर्यातबंदीवर सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्यांत त्याच सरकारातली मंडळी होती.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते २०२० साल. ५ जूनला अध्यादेश निघाला. कांदा-बटाटा-डाळी जीवनावश्यक वस्तूंच्या यादीतून बाहेर, भाव अगदीच भडकल्याशिवाय सरकार हात घालणार नाही, शेतकरी स्वतंत्र झाला. ह्यांनी त्या रात्री मोबाईलवर बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि आम्ही दोघांनी खरंच विश्वास ठेवला. त्या भरवशावर कांदा साठवायच्या चाळीतला अर्धा उन्हाळ कांदा मागं ठेवला. १४ सप्टेंबरला निर्यात बंद. त्याच विषयाचं विधेयक राज्यसभेत २२ सप्टेंबरला मंजूर झालं, म्हणजे निर्यातबंदी चालू असताना स्वातंत्र्याचा कायदा होत होता. २३ ऑक्टोबरला साठ्यावर मर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळला २ टन. व्यापाऱ्याला साठवता येणार नसेल तर तो माझा कांदा कशाला घेईल?

आणि समोरच्या बाकावर काय होतं? काँग्रेसच्या २०१९ च्या जाहीरनाम्यात बाजार समिती कायदा रद्द करू, शेतमालाचा व्यापार निर्यातीसकट सगळ्या बंधनांतून मोकळा करू, असं लिहिलेलं होतं. दुसऱ्याच वर्षी बाजार समितीबाहेरच्या व्यापाराचा कायदा आला तेव्हा तोच पक्ष विरोधात उभा राहिला. त्या कायद्यांत दोष नव्हते असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या सीमेवर वर्षभर थंडीवाऱ्यात बसलेल्यांचं म्हणणं खरं होतं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पण मग त्या ओळी जाहीरनाम्यात छापताना तरी कुणाला विचारलं होतं?

आता माझी स्वतःची हिशोबपट्टी सांगते, ती अजून माझ्या वहीत आहे. २६ नोव्हेंबर २०२३ ला गारपीट झाली होती. त्यातून वाचलेला लाल कांदा आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढला. गुरुवारी, ७ तारखेला, गल्लीतल्या एकांचा माल ३,६५० रुपये क्विंटलनं गेला. आमचा ट्रॅक्टर रात्रीच भरून ठेवला, वर ताडपत्री बांधली. मी मुलाला म्हटलं, तुझ्या डिप्लोमाची फी या खेपेत भरून टाकू. शुक्रवारी सकाळी बाजार समितीत पोहोचलो तर ट्रॅक्टरच्या रांगा उभ्या आणि लिलाव बंद. रात्रीतून निर्यातबंदी लागली होती, ३१ मार्चपर्यंत. चांदवडला लोकांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. आम्ही मात्र ट्रॉलीजवळच बसून राहिलो, कारण ओल्या कांद्याला वास सुटायला लागला की तो कुणी घेत नाही.

सोमवारी लिलाव झाला. व्यापाऱ्यानं एक कांदा उचलला, अंगठ्यानं दाबला, तोंडातल्या तोंडात आकडा बोलला आणि पुढच्या ट्रॉलीकडे गेला. २,०५० रुपये. वजन २२ क्विंटल ४० किलो. पट्टीवर ४५,९२० लिहिलं होतं, त्यातून हमाली-तोलाई वजा. गुरुवारच्या भावानं ८१,७६० झाले असते. म्हणजे ३५,८४० रुपये चार रात्रींत गेले, आणि कांदा तर तोच होता! फी भरायला मी भिशीतून उचल घेतली. घरी येईपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत.

३१ मार्च आला, बंदी उठली नाही. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची परवानगी मिळाली. इकडे ओरड झाल्यावर दोन दिवसांत सहा देशांसाठी ९९,१५० टनांचा आकडा जाहीर झाला. ४ मेला बंदी उठली, आमच्या दिंडोरीचं लोकसभेचं मतदान २० मेला होतं. इतके महिने देशाला कांदा पुरणार नव्हता आणि सोळा दिवस आधी अचानक पुरायला लागला, हे कसं, ते सांगायला कुणी आलं नाही. आमच्याकडच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार त्या निवडणुकीत पडल्या. विधानसभेच्या तोंडावर सप्टेंबरमध्ये शुल्क ४० चं २० टक्के झालं. राहिलेलं २० टक्के १ एप्रिल २०२५ ला गेलं, तेव्हा भाव खाली आलेले होते. भाव चढला की दार बंद, पडला की उघडं. एवढ्या वर्षांत दुबई-कोलंबोच्या गिऱ्हाइकानं आमची वाट कशाला बघायची? त्याला पाकिस्तानचा कांदा मिळतो, चीनचा मिळतो.

एक गोष्ट मला माझ्याबद्दलही लिहिली पाहिजे. २०२४ च्या त्याच सप्टेंबरमध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं. गणपती चालू होते, दिवाळी पुढं होती, आणि दुकानात पिशवीचा भाव ऐकून मी तिथंच सरकारला चार शब्द सुनावले. घरी येताना लक्षात आलं की ते शुल्क लातूर-वाशिमच्या सोयाबीनवाल्या बाईसाठी होतं. तिचा भाव हमीभावाच्या खाली होता. मी कांद्याला रास्त भाव मागते आणि तिच्या तेलाला महाग म्हणते. मला त्या दिवशी झोप लागली नाही. तेव्हापासून मी तेलाबद्दल बोलायचं बंद केलंय. पिशवी घेते आणि येते.

माझं म्हणणं असं नाही की प्रत्येक वेळी कांदेवाल्याचीच बाजू घ्या. शहराला कांदा परवडायला हवा असेल तर तेही करा, पण मग भाव पडतो तेव्हा नुकसान कोण सोसणार ते त्याच कागदावर लिहा. व्यापार खुला म्हणायचा तर चढ्या भावातही खुला ठेवा. कुठलाही एक नियम धरा आणि खुर्ची बदलली तरी तोच बोला. आम्ही उन्हाळ कांद्याचं रोप ऑक्टोबरात टाकतो, कांदा काढतो मार्च-एप्रिलात, चाळीत ठेवतो दिवाळीपर्यंत. वर्षभराचं पीक घेणाऱ्याला वर्षभर टिकणारा शब्द लागतो.

परवा पुन्हा फोन आला. उन्हाळ कांद्याचे भाव पुन्हा पडले होते. या वेळी दुसऱ्या पक्षाचे कार्यकर्ते होते, जे सध्या विरोधात आहेत. मोर्चा आहे, माळांसाठी थोडे कांदे मिळतील का ताई, म्हणाले. मी म्हटलं, देते, निवडून देते. फक्त तुमच्या नेत्यांच्या सहीनं मला एक ओळ आणून द्या, की सत्तेत आल्यावर रात्रीतून निर्यात बंद करणार नाही.

"साहेबांना विचारून सांगतो," म्हणाले. आज अकरावा दिवस आहे. मोर्चा मंगळवारी झाला. माळा दुसरीकडून मिळाल्या असाव्यात.